डाय कडक, पत्रा मऊ, तरी घासते डायच!

या वेळी पत्र्याच्या फॉर्मिंगवरच इतके प्रश्न आलेत की बाकीचे विषय पुढच्या अंकात ढकलले. नव्यांसाठी थोडक्यात: पंच पत्र्याचा तुकडा, म्हणजे ब्लँक, डायच्या पोकळीत ढकलतो, ब्लँक होल्डर त्याची कड, म्हणजे फ्लँज, दाबून धरतो, डायच्या तोंडाच्या ज्या गोलाईवरून पत्रा वळतो ती रेडियस, आणि तयार होणारी उभी भिंत म्हणजे साइडवॉल. दाब आणि ताण एमपीएत, म्हणजे एका चौरस मिलिमीटरवर किती न्यूटन. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, पत्रं थोडी कापलीत. एक विनंती, प्रश्न पाठवताना पत्र्याचा ग्रेड, जाडी, रेडियस आणि ऑइल कुठलं एवढं लिहाच. "डाय लवकर खराब होते, उपाय सांगा" एवढ्यावर कुणाच्या बापाला उत्तर देता येणार नाही.

प्रश्न : आमच्याकडे यू आकाराचा चॅनल बनतो. आधी साधा ड्रॉइंग ग्रेडचा पत्रा होता, तेव्हा त्याच डायवर वर्षानुवर्षं काम झालं. आता कस्टमरने डीपी ७८० (जास्त ताकदीचं डुअल फेज स्टील) दिलाय, जाडी तीच, १.६ एमएम. डाय डी२ टूल स्टीलची, कडकपणा ६० एचआरसी (रॉकवेल), रेडियस ८ एमएम. एका शिफ्टमध्येच रेडियसवर उभ्या रेषा दिसायला लागतात आणि मग पीसच्या साइडवॉलवर ओरखडे. मी हिशोब केला तर ब्लँक होल्डरचा दाब ३-४ एमपीएच्या वर जात नाही, आणि डी२ तर २००० एमपीए सहज सोसतं. मग डाय घासते कशी? स्टीलच बोगस आलंय का? – प्रेस शॉप सुपरवायझर

उत्तर : स्टीलला लगेच शिव्या नका घालू, आधी हिशोब कुठला केलात ते बघू. तुम्ही काढलाय तो ब्लँक होल्डरचा सरासरी दाब, म्हणजे फोर्स भागिले फ्लँजचं क्षेत्रफळ. पण ओरखडे फ्लँजवर आलेतच कुठे, आलेत रेडियसवर, आणि रेडियसवरचा दाब ब्लँक होल्डर ठरवत नाही, पत्र्यातला ताण ठरवतो. साइडवॉलमध्ये पत्रा जितक्या ताणाने खेचला जातोय त्याला जाडीने गुणा आणि रेडियसने भागा, रेडियसवरचा ढोबळ सरासरी दाब मिळाला. तुमचा आधीचा मऊ पत्रा समजा १८० एमपीए ताणाने खेचला जात होता, तर १८० गुणिले १.६ भागिले ८, म्हणजे ३६ एमपीए. डीपी ७८० मध्ये ताण ४०० धरला तर तेच ८० एमपीए. म्हणजे डाय तीच, रेडियस तोच, जाडी तीच, आणि दाब दुपटीच्या वर गेला, आणि तुमच्या गेजवर ब्लँक होल्डरचा आकडा मात्र जवळपास तसाच दिसत राहिला.

आता हे ८० सुद्धा खरे ८० नाहीत. हा हिशोब असं धरतो की पत्रा रेडियसला पूर्ण चिकटून वळतोय. प्रत्यक्षात पत्रा काही दोरी नाही, त्याला स्वतःचा ताठपणा असतो, त्यामुळे तो रेडियसला सगळीकडे सारखा टेकत नाही. रेडियस जिथे सुरू होतो तिथे पत्र्याला वाकायचं असतं, तिथे तो जोरात टेकतो, मग मधे थोडा सैल पडतो, आणि डाय सोडून परत सरळ व्हायच्या आधी पुन्हा एकदा जोरात टेकतो. म्हणजे सगळा भार दोन अरुंद पट्ट्यांवर येतो आणि तिथला दाब सरासरीच्या कितीतरी पट असतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोत नीट बघा, रेडियसच्या सुरुवातीला एक चमकणारा पट्टा आहे आणि मधल्या भागाच्या पुढे दुसरा, दोघांच्या मधल्या जागेत मशिनिंगनंतरच्या पॉलिशच्या बारीक खुणा अजून शाबूत दिसतात. आणि स्ट्रोकच्या अगदी सुरुवातीला, पत्रा सपाट असतो आणि रेडियसच्या तोंडाशी जवळपास एका रेषेत टेकतो, तेव्हा क्षणभर दाब पत्र्याच्या यील्डच्याही (ज्या ताणाला तो कायमचा वाकायला लागतो) वर जाऊ शकतो. हा क्षण आपल्या सरासरीत कुठेच दिसत नाही.

तरीही तुम्ही म्हणाल, २००० च्या आतच आहे ना. आहे. म्हणूनच डाय दबत नाही, तिला खड्डा पडत नाही. पण दबणं वेगळं आणि घासणं वेगळं. झिजेचा जो सगळ्यात साधा नियम आपण वापरतो तो आर्चर्डचा, १९५३ सालचा: झिजेची खोली ही दाब गुणिले सरकलेलं अंतर भागिले कडकपणा, आणि याला एक गुणांक, जो पत्रा, डायचं स्टील, ऑइल, पॉलिश सगळ्यांवर मिळून ठरतो. यात सोसण्याची मर्यादा असा प्रकारच नाही, थोडा दाब असला तरी थोडी झीज होणारच.

सरकलेलं अंतर हा भाग लोक विसरतात. तुमच्या चॅनलची उभी भिंत ६० एमएम आहे असं धरू. एका स्ट्रोकमध्ये पत्र्याचा एखादा बिंदू रेडियसवरून फार तर बारा-तेरा एमएम सरकतो आणि सुटतो, मग त्याचा डायशी संबंध संपला. पण डायच्या रेडियसवरच्या बिंदूवरून दर स्ट्रोकला जवळपास ६० एमएम पत्रा सरपटत जातो, दर वेळी नवा, कोरा. एक लाख पीस म्हणजे ६ किलोमीटर. पत्रा एकदाच घासला जातो, डाय रोज घासली जाते, त्यामुळे पत्रा मऊ असून डायच झिजते यात नवल काहीच नाही.

आता तुमच्या सुपरवायझरी डोक्यात आलं असेल, की मग कडकपणा वाढवू, ६० चं ६२ करू. करा, पण काय मिळतं ते बघा. ६० एचआरसी म्हणजे विकर्स या कडकपणाच्या दुसऱ्या मापात साधारण ७००, ६२ म्हणजे ७४५. सहा-सात टक्के फायदा, आणि कडा तुटायची भीती वाढली ती वेगळीच. उलट दाब दुप्पट झाल्यावर झीज थेट दुप्पट. त्यामुळे मी तरी कडकपणाच्या मागे लागायच्या आधी दाबाच्या मागे लागेन.

आणि खरं सांगायचं तर तुमच्याकडे जे झालंय ते आर्चर्डवालं सावकाश घासणं नाहीच. उभ्या रेषा, आणि त्याही एका शिफ्टमध्ये, ही गॉलिंग आहे. पत्र्याचा एखादा कण डायला चिकटतो, बहुतेक वेळा जिथे आधीच एखादी बारीक चीर असते, ग्राइंडिंगची खूण असते किंवा डी२ मधला मोठा कार्बाइड (स्टीलमधला फार कडक कण) निखळून खड्डा पडलेला असतो तिथे. तो कण दाबला जाऊन जाऊन मूळ पत्र्यापेक्षा कडक होतो, त्याच्यावर अजून कण चढतात, आणि मग तो गोळा पुढच्या प्रत्येक पीसवर नांगर चालवतो. म्हणून गॉलिंग हळूहळू वाढताना दिसत नाही, बराच वेळ सगळं ठीक आणि मग एकदम पीस रिजेक्ट. डीपी स्टीलमध्ये मऊ फेराइटमध्ये मार्टेन्साइटचे कडक ठिपके असतात, दाब जास्त असतो आणि त्यामुळे उष्णताही जास्त, म्हणजे गॉलिंगला हवं ते सगळं हजर.

काय कराल ते क्रमाने सांगतो कारण लोक नेमकं उलट्या क्रमाने करतात. पहिलं, रेडियस खरंच ८ आहे का ते गेज लावून बघा, आणि सपाट भाग संपून रेडियस जिथे सुरू होतो तिथे नख फिरवा. नख अडकलं तर तिथे धार आहे, म्हणजे कागदावर ८ आणि पत्र्याला लागतोय १ किंवा २ चा रेडियस, दाब तिथेच चौपट ते आठपट. हे मी फार ठिकाणी बघितलंय, हाताने रेडियस काढला की असं होतंच. दुसरं, चिकटलेला माल ऑइल स्टोनने काढा आणि पॉलिश पत्रा सरकतो त्याच दिशेने करा, आडवं अजिबात नाही, आडव्या खुणा म्हणजे कण चिकटायला पायऱ्या. तिसरं, ऑइल बदला, पत्रा मिलमधून गंज लागू नये म्हणून जे ऑइल लावून येतो ते एवढ्या दाबाला पुरणार नाही, एक्स्ट्रीम प्रेशर ॲडिटिव्ह असलेलं घ्या. चौथं, एवढं करूनही नाही जमलं तर फक्त रेडियसच्या जागी इन्सर्ट बसवा, पावडर मेटलर्जीच्या स्टीलचा, त्यात कार्बाइड बारीक आणि सारखे पसरलेले असतात, आणि त्यावर कोटिंग. अख्खी डाय नव्याने बनवायची गरज नाही, घासतोय तो काही मिलिमीटरचा पट्टा.

प्रश्न : आमचे जुने टूलमेकर म्हणतात रेडियस वाढव, सगळे प्रॉब्लेम जातील. वाढवला. ओरखडे गेले, पण आता पीसला सुरकुत्या. – टूलरूम ट्रेनी

उत्तर : त्यांचं बरोबरच आहे, दाब खरंच कमी होतो. पण रेडियस मोठा झाला की पत्रा ब्लँक होल्डरच्या पकडीतून लवकर सुटतो आणि पंचपर्यंत जाईस्तोवर मधेच अधांतरी राहतो, तिथे सुरकुतणारच. साधारण जाडीच्या ५ ते १० पट हा रेडियस चालतो, तुम्ही कुठे पोचलात ते लिहिलं नाहीत. एकदम वाढवू नका, थोडा थोडा वाढवत जा, कारण रेडियसवरचं मटेरियल काढता येतं, परत घालायचं तर वेल्डिंग आणि वेल्डिंग म्हटलं की पुढची सगळी रडगाणी.

प्रश्न : चौकोनी ट्रेचा ड्रॉ (पत्रा आत ओढून खोल आकार काढणं) आहे. ब्लँक होल्डरचा फोर्स आम्ही तोच ठेवतो, प्रेसचा टनेज मीटर रोज तोच आकडा दाखवतो. मग चार कोपरेच का घासतात, आणि त्यातही एक कोपरा सगळ्यात जास्त? – मेंटेनन्स विभाग

उत्तर : टनेज मीटर तुम्हाला बेरीज सांगतो, वाटणी नाही सांगत. चौकोनी ड्रॉमध्ये सरळ बाजूला पत्रा नुसता वाकून आत जातो, पण कोपऱ्यात परीघ कमी होत जातो, म्हणजे पत्रा आडवा दाबला जातो आणि जाड होतो. आता ब्लँक होल्डर सपाट आणि ताठ, त्याच्याखाली पत्रा चार ठिकाणी जाड, मग तो टेकणार कुठे? चार जाड जागांवर. सरळ बाजूंवर नावालाच टेकलेला.

आकड्यात बघा. फोर्स २५० किलोन्यूटन, सुरुवातीला फ्लँज ०.१ चौरस मीटर, म्हणजे सरासरी २.५ एमपीए. छान वाटतं. ड्रॉ होत होत फ्लँज आत गेली, अर्धीच उरली, फोर्स तोच, सरासरी झाली ५. आणि या उरलेल्या अर्ध्यातलाही समजा पाचवा हिस्साच खरा टेकलाय, तर तिथे २५ एमपीए. तुमच्या सेटिंग शीटवर अजून २.५ च लिहिलेलं. म्हणून कोपऱ्यातली झीज स्ट्रोकच्या शेवटच्या भागात जास्त होते, आणि फ्लँजवर बघाल तर घासलेली जागा ब्लँकच्या मूळ कडेपाशी नसते, आतल्या बाजूला असते.

एकच कोपरा जास्त घासतो त्याचं कारण डायमध्ये शोधू नका आधी, कुशन पिना (ब्लँक होल्डरला खालून उचलून धरणाऱ्या) मोजा. एखादी पिन बाकीच्यांपेक्षा जराशी लांब असली किंवा तिच्याखाली स्लग (पत्र्याचा कापून पडलेला तुकडा) अडकलेला असला की सगळा भार त्या कोपऱ्यात. पिना एकत्र सरळ पट्टीवर उभ्या करून उंची बघा, पाच मिनिटांचं काम आहे. ते ठीक निघालं तर ब्लू (कुठे टेकतंय ते दाखवणारा निळा रंग) लावा, पण नुसत्या डायवर ब्लॉक ठेवून नाही, ब्लँकला लावून प्रेसमध्ये अर्ध्या ड्रॉपर्यंत नेऊन थांबवा आणि पीस बाहेर काढून बघा. प्रेस भाराखाली वाकते, बेड मधे खोल जातो, थंड बसून केलेलं स्पॉटिंग भाराखाली खरं राहत नाही. कोपऱ्यात जास्त लागलंय असं दिसलं तर ब्लँक होल्डरला कोपऱ्यात अगदी हलका रिलीफ द्या, मिलिमीटरच्या शंभरातल्या काही भागांचा, जास्त काढलात तर तिथे सुरकुत्या आणि मग मला परत पत्र.

प्रश्न : डायला पीव्हीडी कोटिंग (व्हॅक्यूममध्ये बाष्पातून चढवलेला पातळ कडक थर) करून घेतलं, टायटॅनियम नायट्राइड. खर्च भरपूर, सोन्यासारखी चमक, आणि पहिल्याच बॅचमध्ये रेडियसवरून सोललं. कोटिंगवाला म्हणतो डायचा दोष, डायवाला म्हणतो कोटिंगचा. – एक वैतागलेला पर्चेसवाला

उत्तर : दोघंही बरोबर असू शकतात, तेच तर दुखणं आहे. कोटिंग काही मायक्रॉन जाड, विकर्समध्ये २००० च्या पुढे कडक. त्याच्याखालचं स्टील मऊ पडलं तर गादीवर काच ठेवून तिच्यावर उभं राहिल्यासारखं होतं, काच कितीही चांगली असू द्या.

आणि डी२ मऊ पडतं कसं ते सांगतो, ही गोष्ट कागदावर कधी येत नाही. डी२ हार्डनिंग केल्यावर बरेच हीट ट्रीटमेंटवाले २०० अंशाच्या आसपास टेंपर करतात, म्हणजे परत तापवतात, कारण तिथे कडकपणा छान मिळतो. पीव्हीडीची भट्टी मात्र बऱ्याच प्रोसेसमध्ये ४०० ते ५०० अंशात चालते. म्हणजे कोटिंगच्या नावाखाली तुमची डाय नकळत परत टेंपर झाली, कडकपणा उतरला, थोडं माप पण हललं, आणि वरून कोटिंग चकचकीत. यावर उपाय एकच, कोटिंग करायचं ठरलं असेल तर हीट ट्रीटमेंटच्या ऑर्डरवरच लिहा की ५०० च्या वर, दोन-तीनदा टेंपर करायचं. कडकपणा एखाद-दोन अंकांनी कमी मिळेल, मिळू द्या, तो टिकेल. तुमच्या डायचा आत्ताचा कडकपणा आधी मोजा, मग भांडा.

दुसरी शक्यता, पॉलिश न करता कोटिंग केलं. कोटिंग खालच्या खुणा भरून काढत नाही, जशीच्या तशी वर आणते, आणि स्वतःचे बारीक थेंब वर टाकते ते वेगळेच, त्यामुळे पॉलिश आधी आणि नंतर हलकं पुन्हा. ईडीएम (विजेच्या ठिणग्यांनी कापणं) केलेली जागा असेल तर तो वरचा पांढरा ठिसूळ थर पूर्ण काढल्याशिवाय कोटिंगला देऊच नका. व्हॅनेडियम कार्बाइडचं टीडी कोटिंग याहून कडक आणि घट्ट बसतं हे खरं, पण ते हजार अंशाच्या आसपास मिठाच्या बाथमध्ये होतं, डाय परत हार्डन होते आणि माप हलतं, मोठ्या डायला मी ते सुचवणार नाही, छोट्या इन्सर्टला जरूर.

प्रश्न : सकाळी पहिले काही तास एकही ओरखडा नसतो, दुपारनंतर सुरू होतात, ऑपरेटर बदलूनही तेच. – लाइन लीडर

उत्तर : ऑपरेटरला सोडा बिचाऱ्याला. डाय गरम होतेय. पत्रा वाकवण्यात आणि घासण्यात जी शक्ती जाते तिची बहुतेक उष्णताच होते, आणि जाड किंवा ताकदीचा पत्रा असेल तर रेडियसचं तापमान चांगलंच वर जातं. ऑइल पातळ होतं, दाबाखाली टिकत नाही, धातूला धातू लागतो. दुपारी हात लावून बघू नका, थर्मामीटर लावा, आणि ओरखडे सुरू होतात तेव्हाचं तापमान टिपून ठेवा, दोन-चार दिवसात आकडा सापडेल. मग स्ट्रोक प्रति मिनिट थोडे कमी करून बघा. पंच आणि पत्रा दोन्ही गरम झाल्याने क्लिअरन्सही बदलतो हे पण लक्षात ठेवा. आणि हो, बादलीने ऑइल ओतून फायदा नाही. पत्र्याच्या पृष्ठभागावर बारीक खळगे असतात, त्यात अडकलेलं ऑइल दाबाखाली बाहेर येऊन काम करतं, म्हणून तर पत्रा मुद्दाम थोडा खडबडीत रोल करतात. चौरस मीटरला एक-दोन ग्रॅमच्या आसपास ऑइल नीट सारखं पसरलेलं असलं की साध्या ड्रॉला पुरतं, त्यावरचं बरंचसं जमिनीवर.

प्रश्न : स्टेनलेस, ॲल्युमिनियम आणि गॅल्वनाइज्ड तिन्ही एकाच डी२ च्या डायवर चालवतो. प्रत्येकाचा त्रास वेगळा. का? – जॉब वर्कवाले

उत्तर : कारण तिघांची चिकटायची पद्धत वेगळी. ३०४ सारखं स्टेनलेस दाबलं की झपाट्याने कडक होतं, म्हणून ताण वाढतो, म्हणून दाब वाढतो, आणि वरून ते उष्णता नीट वाहून नेत नाही, साध्या स्टीलच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीच, त्यामुळे सगळी गरमी घासणाऱ्या जागीच साठते. त्याला डी२ शी जवळीक फार, गॉलिंगचा राजा आहे तो. ॲल्युमिनियम ब्रॉन्झचे इन्सर्ट लावून बघा, मऊ असतात, झिजतात, पण स्टेनलेस त्यांना चिकटत नाही, आणि पीस स्वच्छ निघतो. इथे कडक टूलपेक्षा मऊ टूल जिंकतं, हे ऐकून बरेच जण हसतात, हसू द्या.

ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा कडक पण पातळ थर असतो, पत्रा ताणला की तो तडकतो आणि आतून ताजं ॲल्युमिनियम टूलला चिकटतं. तिथे आरशासारखं पॉलिश आणि डीएलसी (हिऱ्यासारख्या कार्बनचं) कोटिंग छान चालतं.

गॅल्वनाइज्डमध्ये दोन प्रकार, साधं झिंक मऊ असतं, ते रेडियसवर जमून पापुद्रे होतात. गॅल्वनील्डमध्ये झिंक-लोखंडाचा ठिसूळ थर असतो, त्याची पावडर होते, ती डायमध्ये साठते आणि पुढच्या पीसवर फोड उठवते. ही झीज नाही, कचरा आहे, ठराविक पीसनंतर डाय पुसायचा नियम लावा आणि तो पाळला जातोय का ते स्वतः बघा.

तिन्ही एकाच डायवर चालवायचेच असतील तर निदान मधे डाय साफ करा. झिंक चिकटलेल्या रेडियसवर स्टेनलेस घातलं की काय होतं ते तुम्ही बघितलंच असेल.

प्रश्न : हॉट स्टॅम्पिंगमध्ये पत्रा लाल गरम, मऊ. मग दाब कमी पडायला हवा आणि टूल जास्त टिकायला हवं. टिकत नाही. – डिप्लोमाचा विद्यार्थी

उत्तर : विचार चांगला केलायस, पण दाब हा झिजेतला एकच हिस्सा. २२एमएनबी५, म्हणजे बोरॉन स्टीलचा, पत्रा भट्टीत ९०० ते ९५० अंशापर्यंत तापवतात आणि टूलमध्येच थंड करून १५०० एमपीएच्या आसपास नेतात. तिथे ऑइल लावता येत नाही, त्यामुळे घर्षणाचा गुणांक थंड कामापेक्षा कितीतरी जास्त, ०.४ च्या घरात सहज जातो. शिवाय पत्र्यावरचा ॲल्युमिनियम-सिलिकॉनचा थर भट्टीत लोखंडाशी मिळून कडक आणि खडबडीत होतो, तो टूलवर कानशीसारखा फिरतो आणि चिकटतोही. टूल दर स्ट्रोकला तापतं आणि आतल्या पाण्याने थंड होतं, त्यामुळे पृष्ठभाग हळूहळू मऊ पडतो आणि चिरा जातात. आणि दाब कमी ठेवून चालत नाही, खाली दाबून धरलं नाही तर उष्णता टूलमध्ये जात नाही, पत्रा नीट कडक होत नाही.

प्रश्न : मी सिम्युलेशन करतो. रेडियसवरचा कॉन्टॅक्ट प्रेशर प्लॉट केला की एका नोडवर (मॉडेलच्या जाळीतला, म्हणजे मेशमधला बिंदू) ९००, शेजारच्यावर शून्य, पुढच्या टाइम स्टेपला उलट. साहेब विचारतात दाब किती, मी काय सांगू? – सीएई इंजिनियर

उत्तर : "अजून माहीत नाही" असं सांग, तेच खरं आहे. तुझे बहुतेक शेल एलिमेंट असणार, म्हणजे पत्र्याला नुसता पातळ पृष्ठभाग धरणारे जाळीचे तुकडे. शेल जाडीच्या दिशेचा ताण नीट धरतच नाही, आणि फॉर्मॅबिलिटीसाठी, म्हणजे पत्रा फाटतो की सुरकुततो एवढं बघायला ते मस्त आहेत, पण रेडियसवरचा खरा दाब काढायला नाहीत. त्यात जर रेडियसवर तीन-चारच एलिमेंट येत असतील तर पत्रा कोपऱ्या-कोपऱ्यावरून उड्या मारत जातो आणि तुला तो उड्यांचा आवाज दिसतोय. एक्सप्लिसिट सॉल्व्हर (अगदी छोट्या वेळेच्या पावलांनी सोडवणारा) असेल, पंचचा वेग फार वाढवलेला असेल, तर कंपनं पण त्यात.

सगळा पार्ट असा करायची गरज नाही. जिथे झीज बघायची तिथला एक काप घे, प्लेन स्ट्रेन (कापाच्या आडव्या दिशेला पत्रा ताणला जात नाही असं धरून), सॉलिड एलिमेंट, जाडीत निदान सहा-आठ, रेडियसवर भरपूर बारीक, आणि डाय जमलं तर इलॅस्टिक ठेव, रिजिड डायवर टोकाचे दाब फुगतात. मग एका नोडचा आकडा वाचू नकोस. आधी ताळा कर: रेडियसवरचा सगळा दाब बेरीज करून जो फोर्स येतो तो साइडवॉलच्या ताणाशी जुळतो का? वर पहिल्या उत्तरात जो ताण गुणिले जाडी भागिले रेडियसचा हिशोब दिलाय, तुझी सरासरी त्याच्या आसपास यायलाच हवी. ती आली तर टोकं कुठे आहेत त्यावर विश्वास ठेव, टोकाची उंची मेश बारीक केल्यावर अजून वाढत असेल तर आकडा सांगू नकोस, जागा सांग.

आणि साहेबांना झीज हवी असेल तर नुसता दाब देऊ नकोस. प्रत्येक बिंदूवर दाब गुणिले सरकण्याचा वेग, पूर्ण स्ट्रोकभर बेरीज, हा नकाशा काढ. सुरुवातीला जो प्रचंड दाब येतो तिथे पत्रा त्या क्षणी फारसा सरकत नाही, म्हणून दाबाचा नकाशा आणि झिजेचा नकाशा वेगळे दिसतात, आणि वर्कशॉपमध्ये घासलेली डाय दुसऱ्या नकाशाशी जुळते. रेडियस घासला की आकार बदलतो आणि दाब शेजारी सरकतो, त्यामुळे लाखो पीसचा अंदाज काढायचा तर मधे मधे झिजलेला आकार परत मॉडेलमध्ये घालावा लागतो. आळस आला तर निदान एकदा तरी घाल.

प्रश्न : डाय किती घासली हे प्रेसमधून न काढता कसं मोजायचं? – क्वालिटी विभाग

उत्तर : दोन गोष्टी करा. प्रत्येक बॅचचा शेवटचा पीस, ऑइल न पुसता, तारीख आणि स्ट्रोक काउंट लिहून ठेवून द्या, आणि पुढच्या बॅचच्या पहिल्या पीसशी साइडवॉलवर हात फिरवून, मग खडबडीतपणा मोजून ताडून बघा. दुसरं, सिलिकॉनचा रेप्लिका घ्या. रेडियसवरचं ऑइल पूर्ण पुसून मटेरियल दाबून बसवा, सेट झालं की सोलून घ्या, ब्लेडने आडवा काप घ्या आणि प्रोफाइल प्रोजेक्टरवर (सावली मोठी करून आकार दाखवणारं यंत्र) ठेवा. डायच्या रेडियसचा उलटा ठसा मिळतो, नव्या डायचा पहिला ठसा जपून ठेवला असेल तरच तुलना होते, म्हणून नवी डाय प्रेसवर चढायच्या आधीच तो घेऊन ठेवा. काप नेहमी त्याच जागी घ्या, डायच्या बाजूला सेंटर पंच मारून खूण करून ठेवलीत तर शिफ्ट बदलली तरी जागा चुकत नाही.